चांदीचं ॲप आणि रविवारचं बारसं

"भाऊ चोर असेल तर मला कळू देऊ नका," सुप्रिया म्हणाली. मग लगेच, "नाही, कळू द्या."

तिच्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ अंगठा शोधत होतं. भिसेगावातल्या तिच्या घरी खासगी गुप्तहेर सुरभी भोईर आणि तिचे सहकारी, निवृत्त पोस्टमन सहदेव, चहा घेत बसले होते.

बाळाला सोडून कामावर जावं लागू नये म्हणून सुप्रियाला घरीच पिठाची चक्की टाकायची होती. साठवलेले ऐंशी हजार वाढावेत, यासाठी ती चांदीच्या व्यवहाराचं ॲप शोधत होती. रविवारी बारसं झालं. संध्याकाळी भावानं, स्वप्नीलनं, लिंक पाठवली. तिनं पैसे भरले. सोमवारी काढायला गेली, तर निघेनात. नवरा दत्ता आता मेहुण्याविरुद्ध तक्रार देणार होता.

"त्यांची हेल्पलाइन?" सुरभीनं विचारलं.

"मेसेजवरच बोलतात. पैसे भरताना मी लिहिलं, थांबा, बाळ रडतंय. लगेच उत्तर आलं, 'आधी रुद्रला झोपवा ताई, मग सावकाश भरा.' किती बरं वाटलं होतं!"

स्वप्नील शिळफाट्याला टेंपो रिकामा करत होता. "रविवारी पाळणा बांधला नि सकाळी नवालाच सुरतेला निघालो. वाटेत जितेशदादाची लिंक आली. नंबर नवा हुता, पण खाली नाव त्याचंच. मला काय कळतंय त्यातलं? ताईला धाडली." घाम पुसत तो थांबला. "आता ताई फोन उचलत नाय. बाळ्या बरा हाय ना? नाव काय ठेवलं वो?"

"तिलाच विचार," सुरभी म्हणाली.

जितेश दत्ताचा मित्र. नेरळला त्याचं गुंतवणूक सल्ल्याचं ऑफिस होतं. "मॅडम, सहा वर्षं कमॉडिटीत, सोन्याचांदीच्या सौद्यांत आहे. माझेही पैसे अडकलेत त्या ॲपमध्ये! बारशाला मीच सगळ्यांना मोबाइलवर ते ॲप दाखवत होतो, मिनिटामिनिटाला चांदी चढत होती. पण तो नंबर माझा नाही."

"बिचारा," बाहेर आल्यावर सहदेव म्हणाले. "स्वप्नीलच असणार."

संध्याकाळी दत्तानं जितेशला घरी बोलावून घेतलं.

"ताई, मेसेजमध्ये तुम्ही बाळाचं नाव लिहिलं होतं?" सुरभीनं सुप्रियाला विचारलं.

"नाही. नुसतं बाळ."

"मग हेल्पलाइनला रुद्र कसा कळला? नाव आत्यानं दुपारी बारा वाजता ठेवलं. म्हणजे हेल्पलाइनवर बारशाला आलेलं कुणीतरी होतं. स्वप्नील सकाळी नऊलाच निघाला होता. त्याला आजही नाव माहीत नाही."

"पण बारशाला पन्नास माणसं होती," सहदेव म्हणाले.

"त्यातल्या एकानंच चढती चांदी दाखवली. रविवारी हा बाजार बंद असतो, सहदेवकाका. मुंबईला नोकरीला जाणारी माणसं त्याच दिवशी घरी सापडतात, म्हणून खेळ रविवारी मांडला. नवखा माणूस फसला असता. पण सहा वर्षांचा मुरलेला माणूस? रविवारी चढणारा भाव खोटा आहे, हे जितेशना पक्कं माहीत होतं. लिंकही नव्या नंबरावरून स्वप्नीलच्या हातून फिरवली, म्हणजे संशय भावावर जावा."

जितेश उठला. दाराशी बसलेल्या सहदेवांनी पाय आडवा केला आणि त्याच्या हातातला मोबाइल अलगद काढून घेतला.

"आपण एका पंगतीत जेवलो रं," दत्ता एवढंच म्हणाला.

सुरभीनं सायबर पोलिसांना फोन लावला. "पैसे परत येतील की नाही, आज सांगता येणार नाही, ताई. पुढच्या वेळी आधी ॲपवाल्यांचा सरकारी नोंदणी क्रमांक तपासा. मेसेज कितीही गोड असू दे."

सुप्रिया ऐकत नव्हती. फोन कानाला लावून ती रडत हसत होती.

"स्वप्न्या, रुद्र ठेवलंय रं. मामाला सांगायचंच राहिलं."