टोपणाआडचं चित्र

कॅमेऱ्याचं टोपण काढायला विसरणं ही नवशिक्याची चूक. दिगंबर चौगुल्यांनी ती वयाच्या एकसष्टाव्या वर्षी केली, आणि तीही अशा दुकानात, जिथं 'आधी टोपण काढा' ही पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवून लावली होती.

सकाळचे अकरा वाजले होते. चौगुल्यांचं कोल्हापुरात सिनेमाचे कॅमेरे भाड्यानं देण्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं काळ्या मखमलीनं मढवलेली एक खोली होती. तिला सगळे अंधारखोली म्हणत. भर उन्हाळ्यातल्या दुपारीसुद्धा तिथं डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नसे. कुठला कॅमेरा कमी उजेडात कसं चित्र घेतो, ते पारखायची ही जागा. त्या दिवशी तिवयांवर दोन कॅमेरे शेजारी शेजारी उभे होते. एक चौदा वर्षं राबलेला. त्याला दुकानात 'म्हातारी' म्हणत. दुसरा पुण्याच्या एका कंपनीनं सव्वा वर्षापूर्वी पारखायला दिलेला. त्याचं नाव 'घुबड'. दोघांच्या समोर नऊ फुटांवर एक लाकडी खुर्ची होती आणि ती रिकामी होती.

चौगुल्यांनी दिवा अगदी पहिल्या, सगळ्यात मंद पायरीवर आणला आणि दोन्ही पडदे सुरू केले. म्हातारीच्या पडद्यावर नुसता अंधार होता आणि त्यात रव्यासारखे दाणे वळवळत होते. घुबडाच्या पडद्यावर खुर्ची स्वच्छ दिसत होती, आणि खुर्चीत हिरवी इरकली नेसून वैजयंता बसली होती.

वैजयंता म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन पाच महिने झाले होते, आणि त्यानंतर घुबड आज पहिल्यांदाच पेटीबाहेर आलं होतं.

चौगुले आधी घाबरले नाहीत, की रडलेही नाहीत. हाडाचा कारागीर आधी वायर तपासतो, तशी त्यांनी वायर तपासली. जुनं चित्रण चालू राहिलं असेल म्हणून कार्ड काढायला गेले, तर आत कार्डच नव्हतं. मग हात भिंगाकडे गेला आणि बोटांना टोपण लागलं. ते बराच वेळ तसेच, टोपणावर बोटं ठेवून उभे राहिले. कॅमेऱ्याच्या आत उजेडाचा एक कणही जात नव्हता, आणि तरी वैजयंताच्या नाकातली चमकी चमकत होती.

त्यांनी टोपण काढलं, ती राहिली. दिवा वाढवला, तशी ती विरत गेली आणि शेवटी नुसती खुर्ची उरली. दिवा उतरवला, ती परत आली. तेव्हा मात्र चौगुले भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्यानं रडले. तिला नेलं त्या दिवशी लोकांच्या गराड्यात जे रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं आता रडून झालं.

हे कसं घडलं ते समजायला चौगुल्यांचा हट्ट समजून घ्यावा लागेल. दोन कॅमेऱ्यांची तुलना करायची तर समोरचं काही म्हणजे काही बदलता कामा नये, हा त्यांचा नेम. तीच खुर्ची, तेच अंतर, तीच मखमल आणि तेच माणूस. माणूस बदललं की तुलना फुकट गेली, असं ते म्हणत. म्हणून दर वेळी वैजयंताला बसवायचे. इरकलीच्या बारीक काठावरून कॅमेऱ्याची नजर किती धारदार आहे ते कळे, चमकीवरून झगझगीत ठिपका कसा पेलतो ते, आणि गालावरून कातडीचा रंग. ती डावीकडे मान वळवी, मग उजवीकडे, मग पंजा उघडून पाच बोटं दाखवी आणि मग विचारी, "झालं का?" चौगुले "झालं" म्हणून बटण बंद करत आणि ती स्वयंपाकाची आठवण काढत उठे. "जगात बायकोला इतक्या अंधारात बसवून इतकं निरखणारा नवरा दुसरा नसेल," असं ती शेजारणींना सांगायची, आणि त्यात तक्रार किती नि कौतुक किती हे कुणालाच कळायचं नाही.

घुबड आल्यापासून त्याच्यापुढं ती तीनशेच्या वर वेळा बसली होती. पण चाचणीचं चित्रण ठेवायचं नाही, तुलना झाली की पुसून टाकायचं, हाही दुकानाचा नेम. त्यामुळं जन्मभर कॅमेऱ्यांत वावरलेल्या माणसाकडे बायकोचं धड एकही चित्र नव्हतं. घरात हार घातलेला फोटो होता, तोही आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. त्यात ती चोरासारखी दिसायची.

दुपारी त्यांनी कंपनीच्या अस्लम नदाफला फोन लावला. हा तरुण इंजिनियर घुबडाच्या सेन्सरवर काम करणाऱ्यांपैकी होता.

"नदाफ, मला जरा नीट सांगा. याच्या सेन्सरखाली तो स्मरणथर घातलाय, तो नक्की काय करतो?"

"सर, साध्या सेन्सरला अंधारात प्रकाशकण फार थोडे मिळतात. मग त्याची स्वतःचीच थरथर चित्रात उतरते, तेच तुमचे दाणे. आपला स्मरणथर लक्षात ठेवतो, की कुठल्या जागी एरवी काय दिसतं. कण कमी पडले की तो आठवणीतनं भर घालतो."

"आणि कण एकही नसला तर?"

"तर त्यानं गप्प बसायला पाहिजे." नदाफचा आवाज सावध झाला. "का सर, काही दिसलं का? तसं असेल तर लगेच सांगा. हाच सेन्सर पुढं दरडीखाली माणसं शोधणाऱ्या पथकांच्या हेल्मेटवर बसणार आहे. दोष निघाला तर मला स्मरणथर पुसून सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल."

"पुसून म्हणजे सगळंच?"

"सगळंच, सर. त्यातलं थोडं ठेवून थोडं पुसता येत नाही."

"काही न्हाई दिसलं," चौगुले म्हणाले. "अहवाल गुरुवारी देतो."

तो शुक्रवार होता. पुढचे चार दिवस चौगुले वेळेवर दुकान उघडत, गिऱ्हाइकांना हाताखालच्या पोरांवर सोपवत आणि चहाचा कप घेऊन अंधारखोलीत शिरत. घुबडावर टोपण चढवत. ती डावीकडे बघे, उजवीकडे बघे, पाच बोटं दाखवी आणि मग ओठ हलवून विचारी. आवाज नव्हता, पण ओठ वाचायला काय लागतं? त्यानंतर ती वाट बघत बसून राही. 'झालं' म्हणताना चौगुले बटण बंद करत असल्यामुळं ती उठलेली घुबडानं कधी पाहिलीच नव्हती. मग काही वेळानं ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

एक वाजता रेवती डबा घेऊन येई. रेवती त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर साताऱ्याच्या बँकेतून बदली मागून कोल्हापुरात आलेली, आणि इथल्या मुलींच्या रीतीनं 'मी आलो, मी बसलो' असं बोलणारी.

"पप्पा, वांग्याची भाजी कशी झालीय?" सोमवारी तिनं विचारलं.

"बरी झालीय."

डब्यात पिठलं होतं. रेवतीनं डबा धुवून पिशवीत भरला आणि बँकेत निघून गेली.

बुधवारी नदाफचा निरोप आला, की रिकाम्या खुर्चीवर अहवाल चालणार नाही, माणसाचा चेहरा लागेल. चौगुल्यांनी तो निरोप डबा उघडता उघडता मोठ्यानं वाचला. रेवती तेवढंच ऐकून घरी गेली, बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तासाभरानं परत आली ती आईची हिरवी इरकली नेसून. ती तिला आखूड होत होती.

"साडी हीच लागती न्हवं?" ती म्हणाली. "मी बसतो. मला म्हाईत हाय सगळं. डावं, उजवं, पाच बोटं."

नको म्हणायला चौगुल्यांना कारण सापडेना. रेवती खुर्चीत बसली. त्यांनी दोन्ही टोपणं काढली, दिवा पहिल्या पायरीवर उतरवला आणि पडद्यांकडे आले.

घुबडाच्या पडद्यावर वैजयंता बसली होती. गाल भरलेले, चेहरा शांत, चमकी जागच्या जागी. रेवतीचं तर नाकच टोचलेलं नव्हतं.

चौगुल्यांनी सवयीनं दुसऱ्या पडद्याकडे पाहिलं. म्हातारीचं चित्र एखाद्या गिऱ्हाइकाला दाखवलं असतं तर त्यानं पैसे परत मागितले असते, इतकं दाणेदार होतं. पण त्या दाण्यांतून एक अरुंद खांदा दिसत होता, आणि एक हात. हात पुन्हा पुन्हा चेहऱ्याकडे जात होता. चौगुले वाकून बघू लागले. त्यांची मुलगी पदरानं डोळे पुसत होती. अंधारात आपण कुणाला दिसत नाही या भरवशावर ती रडत होती. शेजारच्या स्वच्छ पडद्यावर तिची आई निवांत बसली होती.

"पप्पा," अंधारातून आवाज आला, "मी दिसायलोय का?"

पाच महिने ही पोरगी रोज समोर येऊन उभी राहत होती. आणि ते तिच्याकडे बघत होते ते तिच्या मागं कुणी दिसतंय का, हे शोधण्यासाठी.

त्यांनी दिवा दुसऱ्या पायरीवर नेला. वैजयंताच बसलेली. तिसऱ्या पायरीवर तिच्या हनुवटीची रेघ हलू लागली. चौथ्या पायरीवर वैजयंताचा चेहरा सैल झाला आणि त्याच्या आतून रेवतीचा वर आला. डोळे लाल होते. गालाची हाडं वर आली होती. ही एवढी वाळली कधी, हे बापाला ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना फार शरम वाटली.

"इकडं ये," ते म्हणाले. "बघ जरा."

रेवती पडद्यापाशी आल्यावर त्यांनी दिवा उतरवला. खुर्ची आता रिकामी होती. रेवतीनं आईला पाहिलं आणि तोंडावर हात दाबला. चौगुल्यांनी तिला स्मरणथराचं सगळं सांगितलं, टोपणाचं सांगितलं, पुसण्याचंही सांगितलं. कारागिराच्या भाषेत सांगितलं, कारण दुसरी भाषा त्या क्षणी त्यांच्याजवळ नव्हती.

"हे कधीपास्नं म्हाईत हाय तुम्हांला?"

"शुक्रवारपास्नं."

"आणि एकटेच बघत बसलाय?" तिचा आवाज चढला. "मी रोज डबा घेऊन यायलोय, त्या दारात उभी राहायलोय, आणि तुम्ही आत... माझीपण आई होती की ती, पप्पा!"

"चुकलं गं, पोरी."

बापलेक तिथंच जमिनीवर बसले. मग रेवतीनंच विचारलं, "ते हेल्मेटवाले दरडीखाली कुणाला तरी शोधत असतील, आणि ह्यानं त्यांना भलतंच दाखवलं, मग?"

"व्हय," चौगुले म्हणाले. "आणि खरं माणूस तिथंच पडलेलं असंल."

अहवाल त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिला. तुलनेचा तक्ता नेहमीसारखाच मांडला, घुबडापुढं तीनशेच्या वर वेळा एकच माणूस बसलं होतं हे नोंदवलं आणि शेवटी चार ओळी वाढवल्या. म्हातारीचं चित्र वाईट आहे, पण समोर जे आहे त्याचंच आहे. घुबडाचं चित्र देखणं आहे. दिव्याच्या चौथ्या पायरीखाली ते नसलेलं माणूस दाखवतं आणि असलेलं माणूस झाकतं. माणसाचा जीव अवलंबून असेल तिथं ते वापरू नये. खाली सही करून त्यांनी अहवाल नदाफला पाठवून दिला.

गुरुवारी सकाळी नदाफचा फोन आला. स्मरणथर पुसण्यासाठी घुबड न्यायला तो साडेदहाला पोचणार होता. "सर, तीनशे वेळा एकच माणूस बसवलंत?" तो चकित होऊन म्हणाला. "आमच्याकडं दर वेळी वेगळं बसतं. म्हणून आम्हांला कधी कळलंच नाही."

"मग ती तुलना कसली, नदाफ?" चौगुले म्हणाले. अशा वेळीही हट्ट सुटला नाही.

साडेदहा वाजत आले. घुबडाची पेटी उघडून ठेवलेली होती. रेवती बँकेत गेली नव्हती. ती अंधारखोलीच्या दारात उभी होती आणि या वेळी चौगुल्यांना ती दिसत होती. ओले केस, उलटी झालेली ओढणी, सगळं दिसत होतं.

"आत ये," ते म्हणाले.

रेवती आत आली. घुबडाजवळ गेली आणि कोनाड्यातलं टोपण तिनंच उचललं.

"घालू का? एकदाच."

त्यांनी मान हलवली. तिनं टोपण चढवलं आणि दिवा बंद केला. दोघं पडद्यासमोर उभे राहिले. वैजयंतानं डावीकडे मान वळवली, मग उजवीकडे. पंजा उघडून पाच बोटं दाखवली. रेवतीनं नकळत आपलीही पाच बोटं उघडली आणि चौगुल्यांनी तो पंजा आपल्या हातात घेतला. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला.

पडद्यावर ओठ हलले. झालं का?

ती वाट बघत बसली. रेवतीनं बापाकडे तोंड वळवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पप्पा, काय सांगायचं हिला?"