पहिले शंभर मीटर

वायुसंशोधन संस्थेच्या गच्चीवर किरणवेधी, दुरून हवेतला पारा मोजणारं यंत्र, उभा होता आणि नासीर दलवाई आपण भांडायला आलोय हे विसरून त्याच्याकडे बघत होते. दलवाई समोरच्या कॉस्टिक सोडा कारखान्याचे व्यवस्थापक; सोडा करायला तिथे पारा वापरत. संस्थेच्या कुंपणालगतच्या वस्तीत लोकांच्या रक्तात पारा सापडला होता. किरणवेधीच्या जनक डॉ. शर्वाणी खानोलकर सोमवारी कारखाना बंद करायची शिफारस करणार होत्या. शेकडो कामगार घरी बसणार होते.

"पण बाई, आमच्या फाटकात पाऊल न टाकता आमचा पारा मोजता कसा?"

"दोन रंगांचे लेसर किरण सोडते. एक रंग पारा गिळतो, दुसऱ्याला शिवतही नाही. हवेतल्या धुळीवर आपटून दोन्ही परत येतात. त्यांच्यातल्या फरकावरून पारा किती ते कळतं आणि परत यायला लागलेल्या वेळावरून तो किती दूर आहे ते." बोलताना बाईंच्या हातातला चहा बशीत हिंदकळला. "वय झालं," त्या हसल्या.

"कमाल आहे बुवा! बसल्या जागी नाडीपरीक्षा!" दलवाई मनापासून म्हणाले. "पण आमच्या धुराड्यावर चिमूटभरच दिसतोय की."

"चारी दिशांना फिरवला. दुसरीकडे तेवढाही नाही. मग तुमच्याशिवाय कोण?"

"उद्या खंडेनवमी. आमची सगळी यंत्रं बंद. उद्या मोजा."

"उद्या हाही बंद असतो. दरवर्षी याला हळदकुंकू, झेंडूचा हार."

"म्हणजे आम्ही थांबतो नेमका त्याच दिवशी तुमचा डोळा मिटलेला! अहो, हार संध्याकाळी घाला. देव रागावणार नाही."

बाईंना ते पटलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचं धुराडं गार होतं. किरणवेधीने चारी दिशांना शून्य दाखवलं. वस्तीत ठेवलेलं मापक मात्र कालच्याइतकाच पारा दाखवत होतं.

बाईंनी दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले. "दलवाई, किरण सुटताना त्याच्याच झगझगाटाने यंत्र दिपू नये म्हणून मी त्याचा डोळा निमिषभर झाकते. तेवढ्यात किरण शंभर मीटर पुढे जातो. ते पहिले शंभर मीटर याला कधीच दिसत नाहीत. वस्ती त्यातच आहे."

"आणि आणखी काय आहे त्यात?"

"आम्ही," बाई म्हणाल्या.

ज्यांच्या नोकऱ्या जाणार होत्या त्याच कामगारांनी हार घातलेली यंत्रं सोडून किरणवेधी टेम्पोतून नेला, खांद्यावरून कारखान्याच्या गच्चीवर चढवला. तिथून संस्था शंभर मीटरच्या बरीच पलीकडे होती. बाईंनी त्याचं तोंड स्वतःच्या संस्थेकडे वळवलं. पडद्यावर संस्थेची मागची बाजू पाऱ्याने लालभडक झाली. तिथे एक शेड होती. पर्यावरण मोहिमेत गावभरच्या जुन्या ट्यूबलाइट गोळा करून तिथे फोडत. प्रत्येकीत कणभर पारा, त्याला ना रंग ना वास. शेडचं उद्घाटन बाईंनीच केलं होतं आणि ती त्यांच्या खिडकीखालीच होती.

कामगारांत कुजबुज झाली. कुणीतरी हसलंही. दलवाईंनी त्याला गप्प केलं. "दिव्याखाली अंधार सगळ्यांच्याच असतो रे. दिवा उचलून बघणारी बाई मी आज पाहिली."

बाईंनी तिथूनच फोन करून शेडला कुलूप घालायला सांगितलं. सोमवारची शिफारस रद्द केली. "आणि रक्ततपासणीत संस्थेतल्या सगळ्यांना घ्या. माझं नाव पहिलं."

दलवाईंनी झेंडूचा हार पुढे केला. यंत्राच्या गळ्यात तो घालताना बाईंचे हात पुन्हा थरथरले, पाकळ्या खाली पडल्या. त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

"हे वय नव्हतं हो, दलवाई."