मामाच्या गावचं गाऱ्हाणं

शिमग्याच्या सुट्टीला समीक्षा बिरवाडीहून स्कूटीवर घरी आली, तर शेजारच्या बंद घराच्या कुलपावर एक तरुण दगड घालत होता!

"अहो, चोरी करायची तर निदान माणसं झोपल्यावर तरी करा!"

तो असा दचकला की दगड पायावर पडता पडता राहिला. "मी... हर्षद. मंगेशमामांचं घर आहे हे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मला मुंबईहून पाठवलं. देवाची पालखी दारात आली आणि दार बंद असलं तर बरं दिसत नाही ना... किल्ली आहे, पण कुलूपच ऐकत नाही."

समीक्षाने घरातून खोबरेल तेल आणलं, कुलपात थोडं सोडलं आणि किल्ली अलगद फिरवली. खट्! कुलूप उघडलं. पण हर्षद कुलपाकडे बघतच नव्हता. ते लक्षात आल्यावर तिने बाटलीचं झाकण उगाचच पुन्हा घट्ट केलं.

"मामा तुझे कोण?" त्याने विचारलं.

"भावकीतले काका."

"म्हणजे तू माझ्या मामाची मुलगी!"

"वाडीतल्या सगळ्याच पोरी तुमच्या मामाच्या. रांग मोठी आहे, सावकाश बघा."

"पहिलीच इतकी छान भेटली... पुढे कशाला जाऊ?"

मुंबईचं पोरगं बोलायला चांगलंच तयार होतं. समीक्षा एरवी कारखान्याच्या लॅबमध्ये भल्याभल्यांना गप्प करायची, पण आज तिला हसूच आलं.

"सुट्टीत इथे बघायचं काय?" त्याने विचारलं. "रायगड?"

"रायगड सगळ्यांचाच. तो तुम्ही कधीही बघाल. मी माझं दाखवते."

आणि तिने खरंच दाखवलं. दासगावला जिथे सावित्री नदी ऐसपैस होते, तिथे भरतीच्या वेळी पाणी उलटं चढताना दाखवलं. "नदीसुद्धा शिमग्याला माघारी येते बघा," ती म्हणाली. बिरवाडीच्या नाक्यावरचा तिचा लाडका वडा खायला घातला. वाडीच्या वरच्या अंगाला पळस पेटला होता, त्याच्याखाली बसून दोघांनी काजूची बोंडं खाल्ली.

"अरे, शर्ट सांभाळ! बोंडाचा डाग जात नाही!" असं ती ओरडली आणि त्या गडबडीत 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. हर्षदने शर्टाकडे बघितलं, डाग पडलाच होता. तो भलताच खूश दिसला.

शेवटी ती त्याला कशेडीच्या जुन्या घाटात घेऊन गेली. बोगदा झाल्यापासून तिथली वर्दळ ओसरली होती. वळणावरच्या कठड्याला टेकून दोघं खालच्या दरीकडे बघत राहिले. वाऱ्याने तिच्या केसांची बट त्याच्या खांद्यावर गेली. तिने ती मागे घेतली नाही.

"समीक्षा... मुंबईला येशील?"

"फिरायला?"

"राहायला."

तिला हो म्हणावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण...

"नाही रे. माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरी लग्न करून विरार-दिव्याला गेल्या. त्यांना गाव मिळतं ते सुट्टीपुरतं. मला नाही जमायचं ते."

दुसऱ्या दिवशी हर्षद सकाळीच एसटीने महाडला निघून गेला, तिला न सांगता. समीक्षा दिवसभर भांड्यांवर राग काढत राहिली. तो तिला आवडला होता, फार आवडला होता, आणि तिने आपल्याच तोंडाने त्याला घालवला होता.

रात्री तो परतला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पालखी आली तेव्हा मामाच्या ओटीवर त्याची भरलेली बॅग दिसत होती. अंगण मात्र त्याने स्वतः सारवलं होतं, वेडंवाकडं. वाडीतल्या बायका हसत होत्या, समीक्षा सोडून.

गाऱ्हाणं घालायचा मान तिच्या आज्याचा, भागोजीचा. हर्षदने त्याच्या हाती नारळ दिला आणि कानाशी लागून बराच वेळ काहीतरी सांगितलं. बिचाऱ्याला वाटलं, हे आजोबा आपलं मागणं देवापाशी हळूच पोचवतील. गाऱ्हाणं साऱ्या गावाला ऐकू जाईल असं खड्या आवाजात घालतात, आणि प्रत्येक मागण्याला माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

"देवा म्हाराजा!" आज्याचा आवाज घुमला. "मंगेशचा हा भाचा तुझ्या पायाशी आला हाय. मामाचा गुडघा बरा कर!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो काल महाडच्या कारखान्यात नोकरीसाठी भेटून आला हाय. ती त्याला मिळू दे, हितंच ऱ्हाव दे!"

"व्हय म्हाराजा!"

समीक्षाने चमकून हर्षदकडे बघितलं. महाडला... त्यासाठी गेला होता हा?

"आजोबा, पुढचं नको!" हर्षदचा चेहरा लालबुंद झाला. "ते फक्त देवासाठी होतं—"

"देवाचं मागणं अर्धं ठेवत नाय रे पोरा!" आज्याने नारळ वर धरला. "आनि ही माझी नात, समीक्षा... तिच्या मनात आसंल, तर ती त्याला मिळू दे!"

ढोल थांबले. 'व्हय' म्हणायला कुणीच तोंड उघडेना. पोरीच्या आधी कोण बोलणार? सगळी वाडी तिच्याकडे बघत होती, आणि हर्षद आपल्या पायांकडे.

समीक्षाने पदर असावा तशी ओढणी डोक्यावरून घेतली.

"व्हय म्हाराजा..."

आज्याने कानामागे हात धरला. "देवाला आयकू गेला आसंल, मला नाय गेला गो!"

"व्हय म्हाराजा!" समीक्षा ओरडली, आणि तिच्या मागोमाग सगळी वाडी.