कोर्नोचा उतार

घाट चढून आलेल्या माणसाने खाली जायला गाडी मागावी, असं कोर्नोच्या घाटात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. लोक उलटं करतात. सायकल गाडीत टाकून माथा गाठतात आणि मग उतारावर शीळ घालत सुटतात. म्हणून जूनमधल्या त्या शनिवारी ब्रुनामावशीच्या खाणावळीसमोर एक ओलाचिंब सायकलवाला व्हॅनच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "पेद्रास्काला जातेस का? मला घेशील?" तेव्हा ओर्सोलाला वाटलं, हा आपली फिरकी घेतोय.

"पंक्चर?" तिने विचारलं.

"नाही."

"ब्रेक?"

"ठणठणीत आहेत."

"मग घोडं कुठे अडलंय?"

"घोडं नाही अडलं…" तो जरासं हसला. "स्वार अडलाय."

त्याच्या पापण्यांवर धुक्याचे थेंब होते आणि ओठ थंडीने निळे पडले होते. ओर्सोलाने मागचं दार उघडलं. "सायकल मागे टाक. चीजचा एक गोल मांडीवर घ्यावा लागेल. आणि सांगून ठेवते, वास येतो."

"माझाही येत असेल."

माथ्यावर कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही. तिथला वारा सगळ्यांना सारखाच झोडपतो, मग मान कोणाकोणाचा ठेवायचा? अहो-जाहो सुरू होतं ते खाली, झाडं लागली की. आठ-दहा वळणं उतरल्यावर धुक्यातून पहिली पाइनची झाडं दिसली, तसा तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "आपलं शुभनाव काय म्हणालात, बाईसाहेब?"

ओर्सोला खळखळून हसली. "मी अजून काहीच म्हणाले नाही. ओर्सोला. घाटापलीकडच्या सान रोक्कोची. आणि आपण?"

"एलिओ. पेद्रास्काच्या लाकडाच्या वखारीत असतो."

त्यानंतरच्या एका वळणावर कठड्याला लाकडी क्रूस बांधलेला होता, खाली प्लॅस्टिकची सूर्यफुलं. ते वळण आलं आणि एलिओने डोळे मिटून घेतले. मांडीवरच्या चीजवर त्याची बोटं घट्ट रुतली. ओर्सोलाने ते पाहिलं, पण विचारलं नाही. एरवी दगडालाही चार प्रश्न विचारणारी मुलगी ती. त्या दिवशी तिची जीभ कुठे गेली होती कोण जाणे.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा होता. त्याच्या पुढच्याही. माथ्यावरच्या कुरणातल्या गाईंच्या दुधाचं चीज ब्रुनामावशीच्या तळघरात मुरायचं, आणि ओर्सोला दर शनिवारी ते पेद्रास्काच्या व्यापाऱ्याला पोचवून परत घाट ओलांडून घरी जायची. एलिओ सकाळी सायकलने चढून यायचा, खाणावळीच्या पायरीवर बसायचा आणि तिची वाट पाहायचा. तिला लांबून व्हॅनच्या काचेतून तो दिसला, की उगाचच आरशात बघून केस कानामागे घ्यावेसे वाटायचे.

"आज उशीर केलास," तो म्हणायचा.

"भाडं देतोस का, म्हणून वेळेवर येऊ?"

"भाडं म्हणून गाणं म्हणू?"

"नको रे बाबा! दूध नासेल."

वर तू, खाली तुम्ही. हा खेळ दोघांना इतका आवडला, की झाडं जवळ आली की ओर्सोला मुद्दाम गाडी हळू करायची. तेवढाच 'तू' जास्त मिळायचा.

ऑगस्टमध्ये एकदा उतारावरच गारांनी गाठलं. टपावर असा मारा, की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. ओर्सोलाने गाडी कडेला घेतली. नेमकं तेच वळण होतं… क्रूसाचं. काचेवरून पाणी वाहत होतं, आणि एलिओ समोर बघत, कोणी न विचारता बोलू लागला.

"सान्द्रो म्हणून माझा धाकटा भाऊ होता."

ओर्सोलाने इंजिन बंद केलं.

"आम्हाला लहानपणी काय शिकवतात, तुला ठाऊक आहे ना? उतार माहीत नसेल तर रस्ता बघू नकोस, पुढच्याचं चाक बघ. तो वळला की तू वळ."

"ठाऊक आहे. माझ्या बाबांनीही तेच शिकवलं."

"मीच म्हणालो त्याला, घाबरतोस कशाला, माझं चाक धर. या वळणावर वरून पाणी आलं होतं. मला ते दिसलं, मी शेवटच्या क्षणी सायकल बाजूला काढली. त्याला पाणी दिसलंच नाही, ओर्सोला. त्याला फक्त माझं चाक दिसत होतं. मी सांगितलं होतं ना तसं…"

तिच्या काळजात चर्र झालं. तिने विचारलं, "मग दर शनिवारी वर कशाला येतोस?"

"चढताना तो असतो बरोबर. सारखी बडबड चाललेली असते त्याची. उतरताना मात्र… नसतो."

ओर्सोलाने त्याचा हात हातात घेतला. लाकडाच्या कुसळांनी खरबरीत झालेला तो हात गार पडला होता. गारा थांबल्यावरही तिने तो सोडला नाही, गियर बदलण्यापुरताच सोडला. पेद्रास्का येईपर्यंत दोघं एकमेकांना तूच म्हणत राहिली. लक्षात दोघांच्याही आलं होतं; बोललं मात्र कोणीच नाही.

प्रेमात पडल्याचं ओर्सोलाने स्वतःशी तिथेच कबूल केलं. ती काही सोळा वर्षांची नव्हती, सव्वीस पूर्ण झाली होती. आपल्याला काय झालंय हे तिला नीट कळत होतं. आणि ऑक्टोबर संपता संपता बर्फ पडेल, दोन्ही गावांवरची घाटरस्त्याची फाटकं लागतील, ती मे महिन्यात उघडतील, हेही कळत होतं. हिवाळ्यात पेद्रास्काला जायचं तर पर्वताला वळसा घालून एक बस, दोन आगगाड्या आणि अख्खा दिवस. एवढा वळसा कोण कोणासाठी घालतं?

मनातली ही शंका ब्रुनामावशीने नेमकी बोलून दाखवली. सप्टेंबर संपत आला होता. मावशी पायरीवर बटाटे सोलत बसली होती.

"पोरगा चांगला आहे, नाही म्हणत नाही मी," ती म्हणाली. "पण पोरी, पाऊस थांबला की छत्री कोपऱ्यात जाते. तो तुझ्यासाठी बसतो इथे, की तुझ्या व्हॅनसाठी? विचार एकदा."

"तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?" ओर्सोला फणकारली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्याच दिवशी उतरताना तिने विचारलं. सरळ, त्याच्याकडे न बघता. "समज, एलिओ, उद्या तुझा तू उतरायला लागलास… तर मला भेटायला येशील?"

एक वळण गेलं. दुसरं गेलं.

"मला माहीत नाही," शेवटी तो म्हणाला. "मी अजून उतरलोच कुठे आहे? जे केलंच नाही, त्याचं वचन कसं देऊ?"

उत्तर खरं होतं. पण प्रेमात विचारलेल्या प्रश्नाला इतकं खरं उत्तर कोणाला हवं असतं? तिचे डोळे भरून आले. पेद्रास्काच्या चौकात तिने गाडी थांबवली आणि म्हणाली, "उतरा. आपलं गाव आलं."

"ओर्सोला…"

"उतरा म्हटलं ना."

पुढच्या शनिवारी खाणावळीची पायरी रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. ब्रुनामावशीनेच मग कॉफीचा कप पुढे करत म्हटलं, "माझ्या जिभेला काही हाड नाही बघ." चीज भरायचं, उतरायचं, पोचवायचं, परत यायचं. क्रूसाच्या वळणावर आता ती गाडी थांबवून सूर्यफुलांवरची धूळ पुसायची. चढताना ती पुसणारा तो नव्हता, म्हणून ते काम आपसूक तिच्याकडे आलं होतं.

मग एके दिवशी वाऱ्याची दिशा फिरली. रस्तेवाल्यांनी कळवलं, बर्फ यंदा लवकर येतोय, शनिवारी अंधार पडायच्या आत फाटकं लावणार. ब्रुनामावशी सकाळीच नवऱ्याबरोबर सान रोक्कोला उतरून गेली. तळघरातलं उरलेलं चीज घरी न्यायला ओर्सोला एकटीच वर आली. खिडक्यांना फळ्या मारलेल्या, पायरी ओली, आणि हवेत बर्फाचे पहिले बारीक कण. ती शेवटचा गोल गाडीत ठेवत होती, तोच पेद्रास्काच्या बाजूने धापा टाकल्याचा आवाज आला.

एलिओच होता. पाठीवर भलीमोठी पिशवी, गालांवर थंडीचे लाल डाग.

"वेडा आहेस का?" ती ओरडली. सगळा राग, सगळी वाट पाहणं त्या ओरडण्यात होतं. "फाटक लागणार आहे आज!"

"माहीत आहे."

"मग बस गाडीत. अजून उजेड आहे. तुला पेद्रास्काला सोडून मी वेळेत परत येते." तिने व्हॅनचं दार उघडून धरलं. शेवटचं तर शेवटचं. छत्री तर छत्री.

"मला गाडी नकोय." त्याने हँडल सान रोक्कोच्या बाजूला वळवलं. "मला तुझा रस्ता उतरायचाय. सायकलवरून."

"हा रस्ता तुला माहीत नाही, एलिओ. मी पुढे राहते. तू माझ्या मागून…"

"नको." तो पांढराफटक पडला होता, पण बोलला ठामपणे. "आता कोणाच्या मागे नाही जाणार. मी पुढे जातो. फक्त… माझ्या मागून कोणी येतंय, याचीच मला भीती वाटते."

ओर्सोला त्याच्या अगदी जवळ गेली. त्याच्या गळपट्ट्याची गाठ घट्ट केली, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. "ऐक. मी तुझ्या चाकाकडे बघणार नाही. मी रस्ता बघेन. तू चुकलास तरी मी चुकणार नाही. समजलं?"

त्याने मान हलवली. त्याचे डोळे वाहत होते.

उतरला तो. मुंगीच्या पावलांनी म्हणा ना! प्रत्येक वळणाआधी ब्रेक करकचून दाबायचा, एक पाय जमिनीला टेकवायचा, मग पुढे. व्हॅनच्या दिव्यांत त्याची वाकलेली पाठ थरथरताना दिसत होती. रस्त्यावर एके ठिकाणी डोंगरातून पाणी आलं होतं. तिथे तो थांबला. थांबला तो थांबलाच. ओर्सोलाला वाटलं, धावत जावं, त्याला उचलून गाडीत घालावं, झालं तेवढं खूप झालं म्हणावं. तिने स्टिअरिंग गच्च धरून ठेवलं. उतरली नाही, हाक मारली नाही, दिवेही चमकवले नाहीत. फक्त थांबून राहिली, हवा तेवढा वेळ.

एलिओने मागे वळून पाहिलं. व्हॅन पाण्याच्या बरीच अलीकडे, रस्त्याच्या मधोमध, शांत उभी होती. मग त्याने सायकल हळूच पाण्यातून काढली आणि पुढचं वळण न थांबता घेतलं. त्याच्या पुढचंही. ओर्सोला गाडीत एकटीच मोठमोठ्याने रडत होती आणि हसत होती, वायपर सुरू असूनही तिला समोरचं धूसर दिसत होतं. तरी तिने नजर रस्त्यावरून काढली नाही. शब्द दिला होता.

सान रोक्कोच्या फाटकाशी उगोकाका कंदील घेऊन उभे होते. आडव्या खांबाची साखळी त्यांच्या हातात होती. सायकल आणि तिच्यामागून व्हॅन खाली येताना पाहून त्यांनी भुवया उंचावल्या.

"वर कोणी उरलंय?"

"कोणी नाही," ओर्सोला खाली उतरत म्हणाली.

काकांनी कंदील एलिओच्या तोंडासमोर धरला. "अरे, हा तर पलीकडचा! पोरा, रस्ता चुकलास की काय? या हिवाळ्यात राहणार कुठे तू?"

"तुमच्या गावच्या वखारीत, काका. सोमवारपासून कामावर यायचंय. वखारीच्या वर खोलीही दिलीय त्यांनी." मग तो ओर्सोलाकडे वळला. "दोन शनिवार त्यातच गेले. आगगाडीने यायचो. फार वळसा पडतो गं… पण न उतरता काही कबूल करायचं नाही, असं ठरवलं होतं."

ओर्सोलाच्या केसांत, खांद्यांवर बर्फ साचत होता. एलिओने आपल्या खरबरीत हाताने तो झटकला आणि तो हात तिच्या गालाशी तसाच राहिला.

उगोकाका खोकले. "म्हणजे घर पलीकडे, आणि तू अलीकडे. पोरा, एकदा साखळी लावली की मेपर्यंत सोडत नाही मी. आत्ता सांग. थांबू?"

"थांबू नका," एलिओ म्हणाला. "लावा फाटक."