कोट कुणाच्या लग्नाचा?

अठ्ठावन्न सालचा डिसेंबर. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या घरातून कृष्णवेणी वडिलांची कॉफी घेऊन पुढच्या शिलाईच्या दुकानात आली, तर तिथं एक तरणाबांड माणूस दोन्ही हात पसरून उभा! अंगात कच्च्या दोऱ्यांनी टाचलेला कोट, चेहरा अगदी केविलवाणा.

“आप्पाजी कुठं गेले?”

“दोरा आणायला... हात खाली घेऊ नका म्हणाले. किती वेळ झाला!” तो जरा थांबला. “नाक खाजतंय हो.”

“मग खाजवा.”

“हात हलवायचा नाही ना... तुम्ही स्वल्प, जरासं—”

“इश्श!” म्हणत ती मागं सरली, पण हसू काही आवरेना. देखणा म्हणावा असा नव्हता मेला. पण डोळे असे मिश्कील, की बघणारीचीच पंचाईत.

तेवढ्यात आप्पाजी आले. तिच्याकडं एक नजर टाकून म्हणाले, “लग्नाचा कोट आहे. काजं तू कर. नीट.”

एवढंच! आप्पाजींचं बोलणं असंच. देवनहळ्ळीला बापाच्या हाताखाली सुई धरली, त्याला चाळीस वर्षं झाली. बंगळूरला येऊन मशीन मांडलं, बायको गेली, पोर वाढवली... पण कापड आणि माप सोडून तिसरी गोष्ट तोंडातून निघेल तर शपथ.

लग्नाचा कोट! कृष्णवेणीला सगळं कळलं. नवऱ्या मुलाचा कोट मुलीकडचे करून देतात. तेव्हा कुण्या होणाऱ्या सासऱ्यानंच याला इथं धाडलेलं असणार. सरी, असेना का! आपल्याला काय त्याचं?

पण हा शामसुंदर, टेलिफोनच्या कारखान्यात नोकरीला असलेला, काहीबाही निमित्त काढून ट्रायलला येतच राहिला. कधी बाही तोकडी वाटे, कधी खांदा ओढल्यासारखा. आणि गप्पा मात्र तिच्याशी! “सकाळी धुक्यात सायकल मारताना तुमचीच आठवण येते...” असं कुणी बोलतं? लग्न ठरलेला माणूस? तिला राग यायचा, आणि तो नाही आला की त्याहून जास्त राग यायचा. काजं करताना सुई बोटात शिरायची. आपण दुसरीच्या नवऱ्यावर जीव जडवून बसलोय, या विचारानं तिला अन्न गोड लागेना.

शेवटच्या ट्रायलला त्यानं आरशात पाहिलं आणि हळूच विचारलं, “कसा दिसतो?”

“तुमच्या होणाऱ्या बायकोला विचारा!”

“तिलाच तर विचारतोय...”

“थट्टा करता माझी?” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

आप्पाजींची कात्री थांबली. “शारदा तुला काही बोलली नाही?”

शारदाबाई म्हणजे आप्पाजींची बहीण. ती आतूनच कडाडली, “मी? पोरीचं लग्न ठरलं, हे बापानं सांगायचं का मी? मला वाटलं, तू सांगितलंस!”

“बायकांचं बोलणं ते... मला वाटलं, तू.”

महिना झाला होता ठरून! मुलाकडच्यांना ठाऊक, नात्यागोत्यात ठाऊक. नवरीला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

शामसुंदर पांढराफटक पडला. “म्हणजे... यांना कुणी विचारलंच नाही?” त्यानं कोट काढून घडी केली आणि तिच्यापुढं ठेवला. “तुम्हाला माहीत आहे असं समजून बोलत होतो मी. माफ करा. नको असेन, तर नको म्हणा. मी पुन्हा ही पायरी चढणार नाही.”

हसावं, रडावं, की तिघांनाही धरून बदडावं, तिला काही कळेना. बापासमोर असलं कधी कुणी बोललं होतं? पण तो खरंच चपला घालायला लागला, तसा तिला धीर निघेना.

“आप्पाजी, महिनाभर मी रडतेय... हे दुसऱ्या कुणाचे होणार म्हणून. मला हेच हवेत.” मग शामसुंदरकडं वळून म्हणाली, “आणि तुम्ही! यापुढं आधी मला विचारायचं.”

“विचारीन. रोज विचारीन.”

आप्पाजी टेप घेऊन कोटाची बाही मोजायला लागले, आकडा सांगायला तोंड उघडलं. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना टेपवरचा आकडा दिसेना.