उलटा 'ज'

दर रविवारी दीक्षा फुटपाथवर चादर अंथरून जुनी लुगडी मांडायची. भांडेवाल्या बाया घरोघरी भांडी देऊन जुने कपडे नेतात; त्यातलं हातमागाचं निवडून ती विकत घ्यायची, धुऊन, रफू करून विकायची. गिऱ्हाईक तरणं असो की म्हातारं, तिला ताईच म्हणायचं. एक संघपाल सोडून.

तो नरखेडकडचा, संत्र्याच्या बागेतला. पहिल्याच रविवारी त्यानं अख्खा ढीग उपसला.

"काय शोधून राहिले तुमी?"

"मायचं लुगडं. पांढरं, निळ्या काठाचं. दर दसऱ्याले दीक्षाभूमीवर तेच नेसे. माय गेली, अन् वहिनीनं न समजून भांडेवालीले देऊन टाकलं... स्टीलच्या एका गंजासाठी, भांड्यासाठी." मग जरासा हसला. "पदरावर 'ज' काढला आहे. बापूच्या नावाचा, जयवंताचा. पण उलटा – माय नवीनच लिहाले शिकली होती."

"दिसलं त ठेवीन."

"म्हंजे मले दर रविवारी यावं लागन?"

"नसन यायचं त नका येऊ."

"असं कुठं म्हटलं मी?"

दोन रविवार असेच बोलण्यात गेले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी लुगडं तिच्या हाती आलं. उलटा 'ज' पाहून तिचे डोळे भरले, आणि त्याच क्षणी मनात चोर शिरला – हे मिळालं की हा कशाला येईल? तिनं ते माल आणायच्या पेटीच्या तळाशी ठेवलं. अजून एकच रविवार, असं म्हणत तीन गेले. लबाडीही तिला धड जमत नव्हती. तो आला की बिचारी पेटीवरच बसून राहायची.

पुढच्या रविवारी तो उभाच राहिला.

"आता येणं नाही होणार. बापू धंतोलीच्या दवाखान्यात होता, उद्या घरी नेऊन राहिलो. डॉक्टर म्हणते, दिवस कमी आहेत. तो रोज लुगड्याचं विचारते... काय सांगू त्याले?"

दीक्षा पेटीवरून उठली. लुगडं काढून त्याच्या हातांवर ठेवलं.

"तीन हप्ते झाले सापडून."

"मंग काहून लपवलं?"

"तुमी येणं बंद केलं असतं... म्हणून."

त्यानं त्या उलट्या 'ज'वरून बोट फिरवलं. बराच वेळ. मग मान न उचलता म्हणाला, "निघतो, ताई."

तो एक शब्द तिच्या जिव्हारी लागला. पुढचे दोन रविवार तिनं लुगडी मांडली, पण सारं लक्ष रस्त्याकडे. चूक तिचीच होती. रडायलाही तोंड नव्हतं.

तिसऱ्या रविवारी चादरीवर एक स्टीलचा गंज येऊन टेकला. आत संत्री. समोर संघपाल.

"बापू?" तिला एवढंच विचारता आलं.

"आहे. लुगडं उशाशी घेऊन झोपते. लय दिवसांनी झोप लागली त्याले." तो चादरीच्या कडेला बसला. "मले राग होता. अजून आहे थोडासा. पण बापूले सांगितलं, त हासला. म्हणे, तुया मायनंही लग्नाआधी माही टोपी लपवली होती."

"अन्... हा गंज?"

"वहिनीचा. लुगडं वापस घेतलं त गंज वापस द्यावा लागते ना?" तो अडखळला. "ठेवून घे वं... दीक्षा."

तिनं गंज पेटीत ठेवला, लुगडं होतं तिथेच. पेटी मात्र या वेळी उघडीच राहू दिली.