तात्यांचं शिळं पाणी

दुपारचे दोन वाजले होते आणि तात्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या तापले होते. पाठीला हात लावला तर तव्यासारखा चटका बसला.

तात्या म्हणजे आमचे यंत्रमानव. आमच्या सौरवसाहतीत घरटी एक आहे, पण आमचे सगळ्यांत जुने. त्यांचा ताप वाढतोय म्हटल्यावर यंत्रदुरुस्तीच्या कार्यशाळेने कळवलं होतं, 'पाच वाजता येतो. जुना नेऊ, नवा ठेवू.' आणि जुन्याला चक्क वितळवतात!

मला रडूच कोसळलं. मी मृण्मयी, वय अकरा. बोलताना अडखळते. माझ्याच नावातल्या 'मृ'वर माझी गाडी अडते, मग लोक माझं वाक्य माझ्याआधी संपवून टाकतात. घाईत असली की आईसुद्धा. तात्यांनी मात्र एकदाही तसं केलं नाही. ते थांबतात. कितीही वेळ लागला तरी थांबतात.

"ता... तात्या, तुम्हाला क... काय होतंय?"

ते थांबले, मग म्हणाले, "माझ्या अंगात बारीक नळ्या आहेत. त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. घाम वाळला की तुला गार वाटतं ना, तसंच. म्हणून तर तू मला रोज पाणी भरतेस. पण महिनाभर ते नीट फिरत नाहीये. का, ते मला कळत नाही. आता मला बंद कर बाळ, नाहीतर जळेन."

मी कळ दाबली.

महिनाभर? महिन्यापूर्वी सुट्टी लागली आणि तात्यांचं पाणी भरायचं काम आईकडून माझ्याकडे आलं. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, 'टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी भरावं.' ते मला पटेना. आमच्याकडे कालचं पाणी झाडांना घालतात आणि हंडा घासून ताजं भरतात. साध्या पाहुण्यालाही कोणी शिळं पाणी देत नाही, आणि तात्यांना गेल्या पावसाळ्यातलं द्यायचं? छे! मी त्यांना रोज ताजं बोअरचं पाणी देत होते, तेही तुरटी फिरवून.

बोअरच्या पाण्याने अंघोळ करताना साबण नीट फेसाळत नाही, हे आठवलं आणि मी दोन बाटल्या घेतल्या. एकीत टाकीचं पाणी, दुसरीत तेवढंच बोअरचं. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून खळखळून हलवल्या. टाकीच्या पाण्याचा फेस गळ्यापर्यंत आला. बोअरच्या पाण्यावर नुसती पांढरट साय तरंगत राहिली.

तेवढ्यात आई आली. ती मातीपरीक्षण केंद्रात काम करते. बाटल्या बघून तिने पिशवी तिथेच ठेवली.

"हे दुष्फेन पाणी (ज्यात साबणाचा फेस सहज होत नाही असं, म्हणजे आपलं जड पाणी)," ती म्हणाली. "पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पण ते जमिनीत मुरतं, तेव्हा वाटेतल्या खडकांमधले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं."

"पण मी तु... तुरटी फिरवली होती!"

"तुरटीने गढूळपणा खाली बसतो. विरघळलेले क्षार तसेच राहतात. पाणी तापून उडून गेलं की ते मागे उरतात आणि त्यांचा थर चढतो. नळी अरुंद होते, आणि त्या थरातून उष्णताही नीट बाहेर पडत नाही."

"म्हणजे मीच त्यांना आ... आ..."

आईने या वेळी माझं वाक्य पूर्ण केलं नाही. मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "गिझरमधली पाणी तापवणारी जुनी कांडी आण बघू."

कांडीवर पांढरी खपली होती. आईने तिच्यावर लिंबू पिळलं. फसफसत बुडबुडे आले आणि खपली विरघळायला लागली. आम्ल (आंबट पदार्थ) त्या थराला विरघळवतं, आणि बुडबुडे असतात कार्बन डायऑक्साइड वायूचे.

मग आम्ही तात्यांच्या नळ्यांत लिंबाचं गाळलेलं पाणी भरलं. बुडबुडे थांबले की ओतून टाकायचं, पुन्हा भरायचं. घरातली लिंबं संपली, शेजारच्या जाधवकाकूंची आणली. शेवटी टाकीच्या पाण्याने नळ्या धुतल्या.

पाच वाजता कार्यशाळेतल्या नसीमताई नव्या यंत्रमानवाची पेटी घेऊन हजर झाल्या. त्यांनी तात्यांची कळ दाबली.

"शु... शु... शु..."

"वाचाही गेली की हो," नसीमताई म्हणाल्या आणि कळेकडे हात नेला.

"थांबा!" मी ओरडले. "त्यांचं व... वाक्य व्हायचंय अजून."

आम्ही थांबलो.

"शु... शुभ संध्याकाळ, मृण्मयी. अंग कसं गार वाटतंय."

नसीमताईंनी त्यांचं तापमान तपासलं, मग पुन्हा तपासलं आणि हसून पेटी उचलली. जाताना त्यांनी मला राळेच्या (रेझिनच्या) मण्यांच्या गाळणीची गोष्ट सांगितली. हे मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, ते पुन्हा कामाला तयार. तशी गाळणी मी सगळ्या वसाहतीच्या बोअरला बसवणार आहे. नसीमताई शिकवते म्हणाल्यात.

पण त्याआधी एक काम बाकी होतं.

"तात्या, मी तुमची खूप आ... आ... आ..."

तात्या थांबले. आईसुद्धा थांबली.

"आभारी आहे."

"मीही," तात्या म्हणाले.

मग मी टाकीतलं, गेल्या पावसाळ्यातलं, चांगलं शिळं पाणी आणलं आणि त्यांना भरलं.